दिल्लीच्या मैदानावर मोडलेली सोयरीक

हसायचं न्हाय, असं आधी कबूल करा. मग सांगते. कारण ह्या गोष्टीत सगळी माणसं शहाण्यासारखी वागली, एक सोडून. आन् ती एक कोण, हे चहा गार व्हायच्या आत तुम्हाला कळंलच.

माझी नात रेणुका. आमी तिला रेणी म्हणतो. खो-खो खेळती. जळकोटच्या शाळेच्या मातीत पळून पळून पोरगी थेट महाराष्ट्राच्या संघात गेली. खांबाजवळ असा सूर मारती, की बघणाऱ्यानं उठून उभंच ऱ्हावं! आन् ह्या वर्षी तिची स्पर्धा कुठं? दिल्लीला!

आता घरातलं ऐका. माझा लेक बाळू, म्हंजे रेणीचा बाप. माणूस वाईट न्हाय, पण कानाचा हलका. आमच्या नात्यातले दत्तूमामा कळंबला असतात. सोयरिकी जुळवायचा त्यांना भारी नाद. त्यांनी रेणीसाठी एक स्थळ आणलं. पोराचं कळंबच्या बाजारात आडत दुकान, दोन मजली घर, आन् सगळा कारभार पोराच्या आत्याबाईच्या हातात.

"आत्याबाई दिल्लीला असतात," मामा म्हणले. "त्यांनी एकदा पोरगी पसंत केली की मग कुणी मोडता घालत न्हाय."

झालं! बाळूच्या डोक्यात ते बसलं. मला म्हणला, "माय, रेणी एकोणीस वर्षांची झाली. दिल्लीत पदक आलं तर खुशाल खेळू दे, पोलीस भरती करू दे. न्हाय आलं तर चैत्रात बार उडवायचा."

"आन् पदक आलं तर शब्द फिरवायचा न्हाय!"

"न्हाय फिरवत. पण एवढ्या लांब पोरीला एकटं कसं धाडावं?"

"एकटी कशी? मी चालले की!"

निघायच्या दिवशी रेणीनं माझं गाठोडं उलटंपालटं केलं. "आजे, मशेरी घेतलीस?"

मशेरी म्हंजे भाजलेल्या तंबाखूची भुकटी. दाताला घासायची. जन्माची सवय. पण नातीला ती खपत न्हाय.

"सोडली की ती!" म्या म्हणलं. "भवानीच्या पायरीला हात लावून सांगितलंय ना तुला?"

हे माझं बोलणं जरा ध्यानात ठेवा.

एसटीपाशी दत्तूमामा निरोपाला आलेले. म्हणले, "जावा, जावा. दिल्लीत आपली माणसं हायतच." आन् असे एका गालात हसले!

माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. पोरगी दिल्लीला चालली, आत्याबाई दिल्लीला, आन् हा बाबा गालात हसतोय. दाखवायचा कार्यक्रम ठरलेला दिसतोय! आपल्याकडं आधी चोरून बघायची रीतच हाय. कुणी बाजारात बघतं, कुणी देवळात. मला तर माझ्या चुलत सासूनं परसाकडं जाताना मागं येऊन बघितलं व्हतं, पोरगी लंगडती का म्हणून! मग मैदानावर बघायला काय हरकत?

म्हणलं, येऊ दे त्या आत्याबाईला. बघते मी!

आता दिल्ली काय सांगू? संघाची गाडी आम्हाला घेऊन निघाली. डायवर हात करून सांगतोय, हे क्रिकेटचं मैदान, हे हॉकीचं, तिकडं कुस्तीचं, पलीकडं पोहायचं. म्या मनीषाताईंना विचारलं, ह्या रेणीच्या खो-खोच्या गुरू, "ताई, सगळी मैदानंच, मग माणसं राहतात कुठं?"

आमचं स्टेडियम तर डोंगराएवढं. आन् वर छप्पर! थंडीचे दिवस. पाऊस न्हाय, ऊन न्हाय, मग एवढं झाकून ठेवलंय काय? आत गेलो तर भिंतीवर जुन्या खेळाडूंचे फोटो. मिशीवाले पैलवान, काठ्या घेतलेले हॉकीवाले, गळ्यात पदकं घातलेल्या पोरी. सगळे जिंकलेले! म्हणलं, हरलेल्यांचे फोटो कुठं दडवलेत?

पुढं बघते तर मैदानावर माती न्हाय! गादी हातरलेली! निळी, पिवळी. म्या वाकून कोपरा उचलून बघायला गेले, तर एक पोरगा शिट्टी मारत पळत आला.

"आजी, तुम्ही वर बसा," मनीषाताई हात जोडून म्हणल्या.

"बसते. पण ह्या गादीखाली काय हाय, तेवढं बघून ठेवा."

रेणीला म्या आधीच चिमूटभर जळकोटची माती कपाळाला लावली व्हती. बाकीची पुडीत बांधून कमरेच्या चंचीत ठेवली. परमुलखात आपली माती जवळ असलेली बरी.

फायनलला आमच्या पोरी लई पळाल्या. खो दिला की दुसरी उठायची, दुसरीनं दिला की तिसरी. शेवटाला घासाघाशी आली, आन् माझ्या रेणीनं खांबाला धरून असा सूर मारला, की समोरची पोरगी बघतच ऱ्हायली. सोनं! आमच्या पोरींना सोन्याचं पदक! मी वर खुर्चीवर उभी ऱ्हाऊन नाचले. मागच्या माणसानं पदर वढला तेव्हा खाली बसले.

आन् तेवढ्यात दिसली.

एक बाई. चाळिशीची, केसाचा घट्ट अंबाडा, गळ्यात पट्टा आन् त्याला फोटोचं कार्ड लटकवलेलं. सगळ्या पोरी गळ्यात गळे घालून रडतायत, आन् ही बाई सरळ रेणीपाशी गेली. कानात काय तरी बोलली. रेणीनं मान खाली घातली. लाजली! गालाबिलावर लाली!

म्या कपाळावर हात मारला. आत्याबाई!

धावत खाली गेले. "रेणे, कोण गं ही?"

"आजे, मग सांगते."

"आत्ताच सांग!"

"सगळ्यांसमोर काय सांगू? तू चल माझ्याबरोबर. सोबत एक माणूस चालतं म्हणल्यात. पण गप बस हां."

लाजतीय बघा पोरगी! म्हंजे हिलाबी ठाऊक हाय! माझ्यापासून लपवलं!

ती बाई आम्हाला एका खोलीत घेऊन गेली. चार खुर्च्या, एक टेबल, एक फ्रीज. रेणीला पाण्याची बाटली दिली. तिनं पिली, दुसरी दिली. आता आपल्याकडं पोरगी पाहुण्यांना पाणी देती. इथं पाहुणीच पोरीला पाणी पाजतीय! म्हणलं, दिल्लीची तऱ्हाच उलटी.

रेणी उठली की बाई उठायची. रेणी दारापर्यंत गेली की बाई मागं. नजर अशी रोखलेली, जणू पोरगी न्हाय, बाजारातली कालवड हाय. एकदा तर दोघी संडासापर्यंत जाऊन परत आल्या! मला माझी चुलत सासू आठवली. चाल बघतीय. लंगडती का बघतीय!

"काय गं?" म्या रेणीला हळूच विचारलं.

"झाली न्हाय अजून," ती पुटपुटली आन् पुन्हा लाल झाली.

म्हणलं, पसंती झाली न्हाय अजून! म्हंजे वेळ गेलेली न्हाय.

मग बाई कागद घेऊन बसली. पूरा नाम? जन्म तारीख? म्या मनात म्हणलं, घ्या, पत्रिका जुळवायला लागली. मग विचारती, "कोई बीमारी? कोई दवाई लेती हो?"

"नहीं मॅडम," रेणी म्हणली.

आन् इथं, बरं का, इथं माझ्या डोक्यात वीज चमकली. सोयरीक मोडायची तर ह्याच्यासारखा मोका न्हाय! आजारी पोरगी कोण करून घेतं? पदक तर आलंय, बाळूचा शब्द हाय, मधी ह्या बाईनं पसंत करून घोळ घालायला नको.

मला नळदुर्गच्या बाजारातली हिंदी येती. म्या पदर खोचला.

"झूट बोलती है बाई! लई दवाया लेती है!"

"आजेऽ!" रेणी किंचाळली.

"तू गप! बाई, इसके अंग में दमच नै. रोज मूठ भरके गोळ्या खाती. गोळ्या बिगर उठतीच नै!"

बाईचा पेन थांबला. "कौन सी गोलियाँ?"

बाईला घोर लागला बघून मला हुरूप आला. "गोळ्या सोडो! इंजिक्शन! हर हप्ते कू इंजिक्शन!"

"इंजेक्शन? कौन देता है?"

आता डाक्टरचं नाव कुठनं आणू? जे तोंडात आलं ते बोलले. "जनावर का डाक्टर! हमारे म्हैस कू देता, वोच इसकू देता!"

बाई उठून उभीच ऱ्हायली. बाहेर जाऊन एका चष्मेवाल्या साहेबाला घेऊन आली. मी मनात म्हणलं, आत्याबाईचा नवरा आला. मोडली सोयरीक! आता त्यांच्या तोंडावर सांगून मोकळं व्हायचं.

साहेबानं हळूच विचारलं, "माताजी, ये इंजेक्शन कब से चल रहे हैं?"

"बचपन से! इसीलिये तो इत्ता पळती है!"

रेणी खाली बसून ढसाढसा रडायला लागली. तेवढ्यात मनीषाताई आत आल्या. साहेबाचं ऐकून त्यांचं तोंड पांढरंफटक झालं.

"आजी, काय बोललात तुम्ही हे?"

"काय न्हाय, आत्याबाईला वाटेला लावलं."

"कोण आत्याबाई?" ताई डोक्याला हात लावून म्हणल्या. "अहो, पोरींनी ताकदीची औषधं, इंजेक्शनं घेतली का, हे तपासणारी बाई हाय ती! लघवी तपासतात. नमुना देईपर्यंत नजरेआड होऊ देत न्हाईत. म्हणून तर रेणी लाजत व्हती!"

तुम्ही कधी विहिरीत उतरताना दोर हातातनं सुटलेला बघितलाय का? तसं झालं मला.

"आन् पदक?" म्या विचारलं.

"तपासात काय निघालं तर रेणीचा खेळ बंद. आन् पदक सगळ्या संघाचं जाईल."

म्या साहेबाचे पायच धरायला गेले. "साहेब, मैं झूट बोली! पोरगी कुछ नै लेती! दूध-भाकर खाती!"

साहेब चष्म्यावरनं बघत म्हणला, "माताजी, झूठ तब बोला था या अब बोल रही हैं?"

घ्या! आयुष्यभर मी जगाचा संशय घेतला, आन् आता जग माझा घ्यायला लागलं! खोटं बोलले तेव्हा पटकन पटलं, खरं बोलते तर कुणी ऐकंना.

"तलाशी लो हमारी!" म्या म्हणलं. कुणी मागितली न्हवती, बरं का. आपणहून कमरेची चंची सोडली आन् टेबलावर उपडी केली. "देखो! गोळी है क्या? सुई है क्या?"

गोळी न्हवती. सुईबी न्हवती. तीन पुड्या पडल्या.

साहेबानं पहिली सोडली. लाल. "ये क्या है?"

"तुळजापूर का कुंकू."

दुसरी सोडली. काळी भुरभुरीत. "ये?"

"जळकोट की मिट्टी. पोरी के कपाळ कू लगाती."

तिसरी सोडली. तीबी काळी.

"ये क्या है, माताजी?"

मी छपराकडं बघायला लागले.

साहेबानं ती नाकापाशी नेली, आन् असा शिंकला, असा शिंकला, की चष्मा टेबलावर! "ये तो तंबाकू है!"

रेणीचं रडं तिथंच थांबलं. डोळे पुसून माझ्याकडं बघितलं. "आजे! भवानीच्या पायरीला हात लावला व्हतास ना?"

"हात लावला व्हता गं," म्या म्हणलं, "दात न्हवता लावला."

मनीषाताई तोंडाला रुमाल लावून भिंतीकडं वळल्या. ती अंबाड्याची बाई इतक्या वेळात पहिल्यांदा हसली. "सर, सैंपल तो इनका लेना चाहिए!"

पण हसण्यावारी निघालं म्हणून सुटलो न्हाय. रेणीचा नमुना घेतला, बाटल्या सीलबंद केल्या, आन् रिपोर्ट येईपर्यंत थांबा म्हणले. परतीच्या गाडीत संघातली एकबी पोरगी माझ्याशी बोलंना. पेरूच्या फोडी माझ्या डोक्यावरनं इकडनं तिकडं गेल्या, माझ्या हातात एक पडली न्हाय. रेणी खिडकीकडं तोंड करून बसलेली. तिचा खेळ वाचवायला गेले, आन् माझ्याच तोंडानं त्याच्यावर माती लोटली.

घरी येऊन बाळूला आधी विचारलं, "खरं सांग, दिल्लीत ती आत्याबाई येणार व्हती का न्हाय?"

"कोण, कळंबच्या? त्या तर दिवाळीपासनं कळंबलाच हायत. गुडघ्याला तेल लावून बसल्यात."

"मग दत्तूमामा एसटीपाशी गालात का हसले?"

"हसले कुठं? दाढ सुजली व्हती त्यांची! दुसऱ्या दिवशी काढली."

आता बोला!

रिपोर्ट येईपर्यंत मी देवाला काय काय बोलले, ते देवालाच ठाऊक. मग एक दिवस दुपारी मनीषाताईंचा फोन आला. रेणीनं ऐकला, आन् अंगणात असा सूर मारला, की कोंबड्या छपरावर! साफ! पोरीच्या अंगात काय म्हंजे काय निघालं न्हाय. बाळूनं शब्द पाळला. कळंबला फोन करून दत्तूमामांना सांगितलं, "पोरगी खेळणार हाय. भरती झाल्याशिवाय स्थळ आणू नका."

म्हंजे झालं की सगळं ग्वाड! न्हाय का?

पण रेणी दिल्लीहून एक विद्या शिकून आली. आता रोज सकाळी म्हणती, "आजे, तोंड उघड." तोंड हुंगती. दात बघती. मी मोरीत गेले की मोरीच्या दारात उभी, परसात गेले की परसात. परवा म्या म्हणलं, "अगं, इथं तरी एकटं सोड!"

"न्हाय आजे. नियम हाय. नजरेआड करायचं न्हाय."

शेजारणी म्हणतात, म्हातारीची नात किती काळजी घेती बघा! मी आपली पदरानं तोंड झाकून हसते. झाकावंच लागतं.

कारण पोरीचा रिपोर्ट साफ आला. माझा अजून एकदाबी आलेला न्हाय.