व्याह्याच्या गावातून हाफपँट

आमच्या शालिकरामाला उभ्या जन्मात कोणी पळताना पाहिलं नव्हतं. वाशिमजवळ त्याचा भाजीमळा; वांगी तोडायला तो अशा बेतानं जायचा, की तोवर ती जून व्हावीत. पण आमचा दोस्त भागवत, त्यानं मोबाईलवर आम्हा तिघांची नावं दहा किलोमीटरच्या शर्यतीत घातली, आणि टी-शर्ट मिळतो म्हटल्यावर शालिकरामही तयार झाला. वय बावन्न, खाली नवी हाफपँट. रस्ता कुठून जातो हे आमच्यापैकी एकानंही वाचलं नाही. मी मास्तर असून नाही वाचलं, तर बाकीच्यांना काय बोलायचं?

चौथ्या किलोमीटरला अनसिंगची पाटी दिसली आणि शालिकराम बुजलेल्या बैलासारखा जागीच थांबला.

"अबे, इथं तं माही शुभांगी देली हाये!"

दोनच महिन्यांपूर्वी त्याची पोरगी अनसिंगच्या बबनरावांची सून झाली होती. बबनराव म्हणजे आहेराच्या टोपीची घडी मोडली म्हणून भर मांडवात तासभर रुसलेला माणूस. त्या व्याह्याच्या गावात उघड्या गुडघ्यांनी जायचं!

"मले काय म्हनतीन ते म्हनू दे," शालिकराम म्हणाला, "पन बोलनं पोरीले खावं लागन." हे तो इतकं कळवळून बोलला, की माझं हसू घशातच राहिलं.

भागवतनं डोक्याचा गमछा सोडून त्याच्या कमरेला लुंगीसारखा गुंडाळला. त्यात पाऊल टाकता येईना. शालिकराम नव्या नवरीसारखा तुरुतुरु निघाला. दारोदारच्या बाया विचारू लागल्या, "काहून पयून राह्यले भाऊ? कोनी गेलं काय?"

पुढे पाण्याच्या टेबलामागे, कडक इस्त्रीचा सदरा घालून, खुद्द बबनराव उभे होते.

"इवाई! दारावरून तसेच चालले?"

व्याह्याचा चहा नाकारणं म्हणजे सात पिढ्यांचं वैर. आम्ही तिघं त्यांच्या ओसरीवर खुर्च्यांत बसलो आणि सगळी शर्यत आमच्या डोळ्यांदेखत पुढे निघून गेली. शालिकराम दोन्ही हातांनी गमछा गुडघ्यांवर ओढत होता. बबनराव त्या गमछ्याकडे रोखून पाहत होते.

डोक्यावर पदर घेऊन शुभांगी चहा घेऊन आली. बापाच्या छातीवरचा नंबर तिनं पाहिला, रिकामा होत चाललेला रस्ता पाहिला, आणि सासऱ्यासमोर मोठ्यानं म्हणाली, "बाबा, चहा मागाहून प्या. लोकं गेले ना पुढं, पया!"

विहीण तुळसाबाई दारातच थिजल्या.

बबनरावांनी बशी खाली ठेवली. "सूनबाई, बापाले वेशीलोक पोचवून ये."

हे रागानं होतं की रीतीनं, कोणालाच कळलं नाही. माहेरच्या माणसाला वेशीपर्यंत पोचवायची रीत आहेच. पण पाहुणाच पळत असेल तर पोचवणारानं काय करावं? शुभांगीनं चपला काढल्या, पदर खोचला आणि सुटली. गमछा पहिल्याच वळणावर गळून पडला.

"हळू पय बाई, सून हायेस तू!"

"मंग तुमी जोरात पया!"

वेस आली, मागे पडली. शुभांगी थांबली नाही. तिला थांब म्हणायला बापात दमही उरला नव्हता. एवढ्यात मागून मोटारसायकलचा हॉर्न वाजला. बबनराव! शालिकरामानं भर रस्त्यात, हाफपँटवर, हात जोडले.

"इवाई, चुकी माही हाये. पोरीले काही बोलू नका."

बबनरावांनी गाडी स्टँडवर लावली आणि हँडलच्या पिशवीतून शुभांगीच्या चपला काढून तिच्या पायाशी ठेवल्या.

"घाल सूनबाई. पुढं रस्त्यावर गिट्टी हाये." मग व्याह्याकडे वळून खेकसले, "अन् तुमी कायले उभे राह्यले? पोरगी पुढं चालली ना!"

शालिकरामाला रडू फुटलं. हुंदके देत, नाक ओढत तो पळत होता, आणि त्याच्यापुढे शुभांगी, चपला फटफट वाजवत.