ओट्यावरची राखलेली जागा

तारापूरच्या बाजाराच्या चौकातून जाताना आजही मला मधल्या मोकळ्या जागेकडे बघवत नाही. एका अंगाला फिरंग्यांच्या वेळचा किल्ला, समोर व्यापाऱ्यांची नक्षीदार खांबांची कौलारू घरं आणि मधोमध, तेव्हा, आमचा मासळीचा ओटा. किल्ल्याचा बुरूज ढासळला तेव्हा त्याच्याच दगडांनी ओटा बांधला, असं जुनी माणसं सांगत. वर सागवानी खांबांवर कौलं, खाली दगडात खोदलेली पाण्याची पन्हळ. बायका बसून बसून दगड गुळगुळीत झालेले. सासूमागं तिची जागा सुनेला मिळायची. आईची जागा अगदी पायऱ्यांपाशी. गिऱ्हाईक आधी तिच्याकडेच वळायचं, म्हणून बाकीच्या तिला चिडवायच्याही.

बाबा समुद्रावर गेले ते परतलेच नाहीत. नवरा गेलेल्या बाईनं किंवा तिच्या घरातल्या कुणीही वर्षभर बाजारात बसायचं नाही, अशी आमच्या ओट्याची रीत होती. तिच्या जागेवर टोपली पालथी घालायची आणि तिथं कुणी बसायचं नाही. दुखवट्यातल्या बाईचं नावही बाजारात काढायचं नाही. बायकांनी दाटीवाटीनं बसून आईची जागा राखली. रोज धुऊनसुद्धा काढायच्या. त्यांच्यावर रागावू तरी कशी?

त्याच वर्षी वीजघराचं काम जोरात सुरू झालं. ट्रकांना चौक पुरेना. ओटा पाडायचा आणि मागं सिमेंटचे गाळे बांधायचे ठरलं. एक साहेब आला. त्याच्या माणसानं प्रत्येकीपुढं दगडावर चुन्यानं आकडा घातला. ज्या जागेला आकडा, तिला गाळा. टोपलीपाशी थांबून साहेबानं विचारलं, "इथं कोण बसतं?"

"कोन नाय," शेजारची मावशी म्हणाली. "तिथं कोनी बसायचं नाय."

ती बिचारी रीत पाळत होती. साहेब आकडा न घालताच पुढं गेला. मावशीला वाटलं, जागा वाचली.

वर्ष सरल्यावर आई टोपली घेऊन बाजारात गेली. मी बरोबर होते. ओट्याच्या जागी नुसती खडी पसरली होती. मागच्या गाळ्यांमध्ये छातीइतक्या उंच भिंती, आत एकीनं जेमतेम बसावं एवढी जागा. आईला पाहताच मावशी हमसून रडायला लागली. "माज्यात बस गो. दोगी बसू."

आईनं आत वाकून पाहिलं. मला वाटलं, आता ही तोंड सोडणार. मला तर तेच हवं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "दोगी कशा मावू? तू बस," आणि टोपली परत डोक्यावर चढवली.

आम्ही तशाच वीजघरावर परमुलखातून आलेल्या कामगारांच्या झोपड्यांकडे गेलो. जन्मात कधी गिऱ्हाइकाला हाक न मारलेली माझी आई पहिल्या दारापाशी थांबली. घसा खाकरला. मग मला हळूच विचारलं, "हिंदीत काय सांगायचं गो?"