नानांचा कोनोशेंते

आमच्या शेजारच्या नानांइतका माणसं पारखून घेणारा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल. निदान पारख तोंडावर जाहीर करणारा तरी नाहीच. नाना मूळचे धुळ्याचे, जळगावच्या एका तेल गिरणीत फिटर. ऐंशी सालाच्या आगेमागे तिथे नवं यंत्र बसवायला इटलीहून एक मेकॅनिक आला. जळगावचा एक उन्हाळा त्याने काढला, नानांच्या घरची शेवभाजी डोळे पुसत खाल्ली आणि जाताना नानांना दोन शब्द देऊन गेला. अमीको म्हणजे मित्र. कोनोशेंते म्हणजे नुसता ओळखीचा. "आपण सगळ्यांनाच भाऊ, आबा म्हणून मोकळे होतो," नाना म्हणत, "त्यांच्यात तसा घोळ नाही."

तेव्हापासून गल्लीतलाही घोळ मिटला. दूधवाला कोनोशेंते, शिंपी कोनोशेंते, गिरणीचे मॅनेजर तर तेवढेही नाहीत. पाहुणे आले की नाना माझ्याकडे बोट दाखवत, "हे आमचे शेजारी. कोनोशेंते." नळावर बायका एकमेकींना विचारत, "तुमच्या ह्यांना बढती मिळाली का?" मी हसण्यावारी नेई, पण मनात हिशेब चालूच असे. रॉकेलच्या रांगेत नानांचा नंबर मी धरला होता, त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगती वाढल्या होत्या. मी लेखा विभागातला माणूस. एवढं जमेला असून शिल्लक शून्य कशी, हे मला उमगत नसे. त्यात समोरचे तलाठी बदली होऊन अमळनेरला गेले आणि आठवड्याच्या आत अमीको झाले. मला राहवलं नाही.

"नाना, त्यांनी तुमचा पाना नेला तो परतही केला नाही."

"म्हणूनच," नाना म्हणाले. "तुम्ही घमेलं नेता, घासून परत आणता, वर आभार मानता. आभार कोनोशेंते मानतो."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांची शिडी मागून आणली आणि ठरवून परत केली नाही. संध्याकाळी जेवायला बसलो तर अंगणातली शिडी दिसत राहिली, घास उतरेना. बायको म्हणाली, "नेऊन द्या एकदाची. तुमच्याने नाही व्हायचं अमीको." नेऊन दिली. आभारही मानले. नाना नुसते हसले.

नोकरी संपल्यावर नाना धुळ्याला मुलाकडे गेले. काही वर्षांनी ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तशी मी सकाळची एस.टी. धरली. दार त्यांच्या पत्नीने, अक्कांनी उघडलं. मला बघताच त्या आत वळून म्हणाल्या, "आयकं का, तुमना जयगावना अमीको उनात."

मी चपला काढता काढता थांबलो. "अक्का, मी तर कोनोशेंते."

"तोंडवर नही सांगतस ते," अक्का हळूच म्हणाल्या. "नजर लागस म्हणे. घरमा पोऱ्याले, सूनले, बठ्ठासले तुमनंच सांगतस."

नाना फार वाळले होते. उशीला टेकून बसले आणि सुनेला म्हणाले, "चहा टाक. जळगावचे कोनोशेंते आलेत." मी खाटेजवळ खुर्ची ओढून घेतली.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. त्या दिवशी मी दुपारची गाडी सोडली, पुढचीही जाऊ दिली. नाना बोलत होते आणि मला कुठे पोचायचं नव्हतं.