आधी फेरी, मग धडा

आमच्या घरमालकांइतका ग्रीकांवर जीव टाकणारा ख्रिस्ती माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर झाला नसेल. नव्वदच्या दशकात मी अंबडच्या कारखान्यात होतो आणि इंदिरानगरला त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. सर शाळेतून निवृत्त झालेले. रविवारी चर्चमध्ये मुलांचा वर्ग घ्यायचे आणि उरलेला आठवडा त्या वर्गाची वाट बघण्यात काढायचे. त्यांचं म्हणणं असं, की पहिल्या ख्रिस्ती गुरूंना ग्रीकांची शाळा आयती मिळाली आणि शहाण्यांनी ती मोडली नाही. व्यायाम, संगीत, जुन्या कवींच्या गोष्टी, सगळं ठेवलं. फक्त त्यातून माणूस देवाकडे जाईल असं वळण दिलं. "द्राक्षाचं कलम पाहिलंत ना, अंबडवाले? खुंट रानातला, पण घड आपला!" हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं, गच्चीवर सांगितलं आणि एकदा मी दाढी करत असताना खिडकीतूनही सांगितलं.

म्हणून त्यांच्या वर्गात आधी चर्चभोवती एक फेरी धावायची, मग गाणं, मग धडा. साठी उलटलेले सर अर्ध्या चड्डीत सगळ्यांच्या पुढे. आमच्याकडे चहाला यायचे तेही अंगणात एक चक्कर मारून. मला हसू यायचं आणि त्यांचा हेवाही वाटायचा, कारण पोरं त्यांच्यामागे अक्षरशः वेडी होती.

घोटाळा नाताळात झाला. बाहेरगावच्या धर्मगुरूंनी मुलांना विचारलं, "मोह झाला तर काय करावं?" प्रार्थना करावी, एवढंच उत्तर हवं होतं. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या अध्यक्षांची नात उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "स्वतःला डोलकाठीला बांधून घ्यावं!" जीवघेण्या गाण्याला भुलू नये म्हणून असं करणाऱ्या ग्रीक खलाशाची गोष्ट सरांनी रंगवून सांगितली होती. पाहुणे हसले, अध्यक्ष लालबुंद झाले.

पुढच्या बैठकीत ते म्हणाले, "मास्तर, परक्या देवांच्या गोष्टी इथे नकोत. नुसतं बायबल शिकवा, नाहीतर वर्ग सोडा."

"अहो, बायबलच शिकवतोय," सर म्हणाले. "पोरं तिथवर धावत यावीत, एवढंच बघतोय."

वर्ग गेला. त्या रविवारी सर बूट बांधून ओट्यावर नुसते बसून होते. मला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात फाटक वाजलं. अध्यक्षांची नात आत आली, तिच्यामागे बाकीची पोरं. उपासना आटोपून थेट आमच्याकडेच. मग फेरी आमच्या घराभोवती सुरू झाली आणि पुढे कितीतरी वर्षं चालली. माझी मुलगीही तीत धावली.

दोन हजार साल उलटल्यावर सर गेले. शवपेटी चर्चमध्ये आणली तेव्हा आता कॉलेजात जाणाऱ्या त्या नातीने चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि चर्चभोवती धावायला सुरुवात केली. मागून सगळी निघाली. मीही धावलो, धाप लागली आणि रडूही आलं. फेरी संपवून वळून पाहतो तर अध्यक्षही काठी टेकत, एकटेच, फेरी घालत चर्चच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचले होते. ते येईपर्यंत पाळकसाहेबांनी उपासना सुरू केली नाही.