न ओलांडलेलं पाणी

खरं सांगते, त्या दिवशी मी देवावर रुसूनच घरातून निघाले होते. आमच्या मामंजींनी जन्मभर गावच्या शंकराच्या देवळात दिवा लावला, बेल वाहिला; आणि त्यांनाच हा विसराळूपणा यावा? सून कोण, मुलगा कोण, जेवलो की नाही, काही म्हणजे काही आठवेना. औषधं झाली, नवस झाले. एवढी सेवा करून घेतलीस आणि हे फळ दिलंस होय रे, असं मी देव्हाऱ्यासमोर उभी राहून बडबडायची. तोंडाची मी फटकळच आहे, देवाचीही भीड ठेवत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत हे मुंबईहून आले आणि म्हणाले, बाबांना जरा समुद्र दाखवून आणू. सावर्ड्याहून गाडी केली, मुद्दाम समुद्रकाठच्या लांबच्या वाटेने. आरे-वारेच्या वळणावर दोन्ही बाजूंचे किनारे दिसले तेव्हा मामंजी लहान मुलासारखे काचेला नाक लावून बसले. पुढे गणपतीपुळ्याला पोहोचलो तर ही गर्दी! उंट, घोडे, शहाळी, पाण्यात धिंगाणा घालणारी पोरं. दर्शन झालं, मी प्रसाद घ्यायला वळले. परत आले तर हे एकटेच उभे.

"बाबा कुठायत?" यांनी मलाच विचारलं.

"अहो, तुमच्याबरोबर होते ना!"

सगळं देऊळ पालथं घातलं, बाहेरच्या दुकानांतून डोकावलो, पण कुठे पत्ता नाही. समोर तो एवढा समुद्र, भरतीची वेळ, आणि ज्याला पाण्याची भीतीसुद्धा आठवणार नाही असा म्हातारा माणूस. हे धावत किनाऱ्याकडे गेले, जीवरक्षकांना सांगायला. मी डोंगराच्या प्रदक्षिणेची वाट धरली. इथे डोंगर हाच गणपती, म्हणून लोक सबंध डोंगराला फेरी घालतात. मीही चालले होते, पण तोंडात नाव कुठलं? एकेकाची पाठ न्याहाळत, पांढरी टोपी शोधत, रडत चालले होते.

पाऊस सरून फार दिवस झाले नव्हते. एके ठिकाणी डोंगरातून झिरपणारं पाणी वाटेवरून आडवं वाहत होतं, आणि ते ओलांडलं की लगेच समुद्राकडे उतरायला पायवाट. खाली लाटा फुटत होत्या. तिथे माझा धीरच सुटला. मी मोठ्याने म्हटलं, "गणपतीराया, मी हरले. आता तूच बघ बाबा."

कठड्यावर एक बाई गुडघे चोळत बसल्या होत्या, बोलण्यावरून कोल्हापूरकडच्या. "का वं, काय झालं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "पांढरी टोपी, हात जोडलेले? मगाशी हितंच हुते की. पाण्यापाशी थांबले. मी म्हटलं, आजोबा, हात देऊ का? तर म्हणाले, 'बाय, ह्या पानी ओलांडायचा नाय.' आन् गेले की माघारी."

क्षणभर मला काही उमजेना. आणि मग एकदम लक्षात आलं. शंकराला पुरी प्रदक्षिणा घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथवर जायचं, ते न ओलांडता माघारी फिरायचं, आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा त्या पाण्यापर्यंत यायचं. मामंजींना हा गणपती आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी ते आपल्या गावच्या देवळातच होते, आणि हे झिरपणारं पाणी अभिषेकाचं. आम्ही गाभाऱ्याशी शोधत होतो, तेव्हा ते मागच्या मागे दुसऱ्या बाजूने निघालेसुद्धा असणार.

म्हणजे मी धावायचं कारणच नव्हतं. इथेच थांबायचं होतं. पण थांबणं किती कठीण असतं हो! खालून लाटेचा आवाज आला की जीव कासावीस व्हायचा. त्या बाईंनी माझा हात धरून ठेवला. मी डोळे मिटून म्हटलं, तू आणशील तेव्हा आण, मी हलत नाही.

आणि आले. सगळी माणसं एका दिशेने चाललेली, आणि मामंजी एकटे समोरून, हात जोडून, ओठ हलवत, सावकाश. लोक हसत होते, वाट देत होते. मामंजी पाण्याच्या पलीकडच्या काठाशी थांबले, वाकून नमस्कार केला. मी धावत पाण्यातून पलीकडे गेले आणि त्यांचे पाय धरले. ते रागावून म्हणाले, "अगो, ओलांडलंस? शानी मानूस ना तू!" मी रडता रडता इतकी हसले की विचारू नका. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं.

कुणी म्हणेल, जुनी सवय, दुसरं काय. असेल. मी वाद घालत नाही. एवढंच जाणते, की माणसाचं सगळं पुसलं गेलं तरी देवाने स्वतःपुरती एक ओळ त्यांच्यात शाबूत ठेवली होती, आणि तिनेच त्यांना समुद्राच्या अलीकडे अडवलं. त्यांची सेवा वाया गेली म्हणणारी मी कोण?

तेवढ्यात यांचा फोन आला. आवाज पार बसलेला. "सापडले का गं?"

"सापडले नाहीत हो," मी म्हटलं. "आले."