पुढील स्थानक, स्वयंपाकघर

माझ्या मामाने पस्तीस वर्षं चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत भिंगं घासली. केसभर फरकासाठी तो अख्खं भिंग बाद करायचा, आणि तोच डोळा घेऊन घरी यायचा. भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं आहे हे त्याला चपला काढायच्या आधी दिसे. निवृत्त झाल्यावर म्हणाला, "ज्यांना कुठल्याच भिंगाचा उपयोग नव्हता, त्यांना आमचं दुकान दारातूनच परत पाठवत आलं. आता त्यांच्यासाठी काहीतरी करतो." आणि अंधांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणाऱ्या एका संस्थेतून तो दोन महिन्यांचं पिल्लू घेऊन आला. वर्षभर सांभाळायचं, शिकवायचं आणि परत द्यायचं.

"परत द्यायचंय, हे त्याला सांगितलंय का?" मामीने विचारलं.

त्याला म्हणजे पिल्लाला. ते तोवर सोफ्यावर असं ऐसपैस पसरलं होतं, की मामीने त्याचं नाव 'साहेब' ठेवलं आणि त्याला अहो-जाहो करू लागली. घरात दोघांनाच तो मान होता, आणि त्यांतल्या दुसऱ्याचं म्हणणं ती क्वचितच ऐकायची.

साहेब भराभर शिकले. जिने, रस्ता ओलांडणं, दुकानाचं सरकतं दार. घोडं अडलं रेल्वेपाशी. पहिल्या परीक्षेत त्यांनी शेजारच्या प्रवाशाच्या जेवणाच्या डब्यात तोंड घातलं आणि चव न आवडल्यामुळे लगेच बाहेर काढलं. संस्थेच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, आणखी एकच संधी. तेव्हाही जमलं नाही, तर हा कामाचा नाही. तुम्हीच पाळायला ठेवून घ्या.

"ठेवून घेऊ की," मामी पटकन म्हणाली. मग मामाचा चेहरा बघून तिने विषय बदलला.

मामाने रेल्वेच घरी आणली. टेप घेऊन तो स्टेशनवर गेला आणि दोन बाकांमधलं अंतर, बाकाखालची उंची, दाराची रुंदी मोजून आला. बैठकीच्या खोलीत खुर्च्या दोन रांगांत लागल्या. उंची बरोबर यावी म्हणून त्यांच्या पायांखाली माझे दोन जाडजूड शब्दकोश गेले. मी प्रवासी, मांडीवर सँडविच उघडून साहेबांना मोहात पाडायचं, एवढंच माझं काम. घोषणा मामीची. ती नाकातून म्हणे, "पुढील स्थानक, स्वयंपाकघर. दरवाजे डाव्या बाजूला उघडतील." साहेब खुर्चीखालून निघत, मामाच्या डाव्या पायाला लागून उभे राहत आणि त्याला थेट फ्रिजपाशी पोचवत. सहा आठवड्यांत एकदाही चूक नाही.

"सगळं मोजमापात असतं," मामा म्हणायचा.

परीक्षेच्या दिवशी त्याने मामीला घरी थांबायला सांगितलं. "तुला बघितलं की त्याचं लक्ष उडेल."

"तिकीट काढलंय मी. गाडी तुमच्या दुकानाची आहे का?"

म्हणून मामी आणि मी, दोघी चार रांगा मागे, वर्तमानपत्राच्या आड. चौथ्या स्टेशनवर उतरायचं आणि उलट्या गाडीने परत यायचं होतं. साहेब निळं जाकीट घालून बाकाखाली पडून होते. कुणीतरी बिस्किटांचा पुडा फोडला. साहेबांनी नाक दुसरीकडे वळवलं. समोर बसलेल्या संस्थेच्या बाईंनी वहीत खूण केली, आणि मामाचे कान आनंदाने लाल झालेले मला मागूनही दिसले.

मग चौथं स्टेशन जवळ आलं आणि वरच्या स्पीकरमधून एक घोगरा, पुरुषी आवाज आला. पुढील स्थानक अमुक, दरवाजे डाव्या बाजूला. साहेब हलले नाहीत. गाडी मंदावली. मामाने पट्टा किंचित ओढला. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

बाक मोजला होता, दार मोजलं होतं. आवाज मोजायचा राहिला होता.

मामाने वळून मागे पाहिलं. बायकोकडे काही मागायची त्याला सवय नव्हती. नुसतंच बघत राहिला. मामीने वर्तमानपत्राची घडी घातली, जरा वेळ लावूनच घातली. मग भरल्या डब्यात नाकातून खणखणीत आवाज उमटला. "पुढील स्थानक, स्वयंपाकघर!"

साहेब ताडकन उठले. त्यांच्याबरोबर दोन प्रवासीही उठले.

"हे काय होतं?" फलाटावर बाईंनी विचारलं.

"बाई, अंतरं सगळी बरोबर होती हो," मामा म्हणाला.

"काका, हा ज्यांच्याकडे जाईल, त्यांच्या घरी या काकूपण जाणार आहेत का?"

"जाईन की," मामी म्हणाली.

बाईंना हसू आवरेना. पण वही मिटताना त्या म्हणाल्या, "येताना बघू. तोंड कुणीच उघडायचं नाही. काकू, तुम्ही माझ्याशेजारी बसा, म्हणजे मला ऐकू येईल."

येताना उतरायचं स्टेशन जवळ आलं, तसा तो घोगरा आवाज पुन्हा आला. साहेबांनी मान वर करून समोर बसलेल्या मामीकडे पाहिलं. ती एक शब्द बोलली असती, तर साहेब कायमचे आमच्या सोफ्यावर राहिले असते. मामीने रुमाल तोंडावर दाबला आणि खिडकीबाहेर पाहू लागली. साहेबांनी वाट पाहिली. ब्रेक लागले. माणसं उठली, पिशव्या खाली आल्या, चपला-बुटांची सरसर दाराकडे निघाली. साहेब त्या पायांकडे बघत राहिले. मग सावकाश बाकाखालून आले आणि मामाच्या डाव्या पायाला लागून उभे राहिले.

घरी पोचेपर्यंत मामी बोलली नाही. "अगं, संपली परीक्षा," मामा म्हणाला. "आता बोल!" तिने नुसती मान हलवली.

आठव्या दिवशी संस्थेची गाडी साहेबांना घेऊन गेली. खुर्च्या तशाच दोन रांगांत होत्या. मामा त्याच्या नेहमीच्या खुर्चीत बसून राहिला होता. मी शब्दकोश काढायला वाकले, तर म्हणाला, "राहू दे आज."

मग आतून, नाकातून ऐकू आलं, "पुढील स्थानक, स्वयंपाकघर..."

मामा उठला. पट्टा धरल्यासारखा डावा हात किंचित पुढे करून तो चालू लागला. दरवाजे कुठल्या बाजूला उघडणार, हे ऐकायलाही थांबला नाही.