सोवळ्यातली लेक

पालघरला नर्सिंगच्या कोर्सला माझा नंबर लागला, तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सातपाटीहून एस.टी.ने तो रस्ता जेमतेम अर्ध्या तासाचा, पण होस्टेलमध्ये राहणं सक्तीचं आणि बाहेर पडायची मुभा फक्त रविवारी. आई रोज पाटी घेऊन त्याच एस.टी.ने पालघरच्या बाजारात यायची. मी वर्गात हाडांची नावं घोकत असायची आणि आई दोन गल्ल्या पलीकडे गिऱ्हाइकांशी पापलेटवरून हुज्जत घालत असायची. एवढी जवळ असूनही तिची इतकी आठवण यायची, की माझं मलाच हसू यायचं.

पांढरी साडी मिळाली त्या रविवारी मी ती नेसूनच बाजारात गेले. मिरवायचं होतं, दुसरं काय! मी कुठेही निघाले की आई माझी अलाबला घ्यायची. दोन्ही हातांनी चेहरा कुरवाळायची आणि बोटं स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा मोडायची. त्या बोटांना बोंबलाचा वास असायचा. लहानपणी मी नाक मुरडायची. त्या दिवशी मात्र मी तिच्यासमोर वाकले आणि गाल पुढे केला.

आई दचकून मागे सरकली.

"लांब ऱ्हा गो! माजे हात मासलीचे हायत."

"असू दे ना, आये."

"असू दे काय? तू आता सोवल्यात हायस."

शेजारच्या बायका खळखळून हसल्या. आमच्या घरी सोवळंबिवळं कुणीच पाळत नव्हतं, आईने ते देवळातल्या पुजाऱ्याचं तेवढं पाहिलेलं. दवाखान्याची पांढरी साडीही तिने त्यातच जमा केली. मग हातभर अंतरावरून, हवेतच तिने माझी अलाबला घेतली. बोटं नेहमीसारखी मोडली, पण गालाला काही लागलं नाही. मला रडू यायला लागलं, म्हणून मी घाईने निघाले.

सुट्टीत घरी साध्या कपड्यांत गेले तरी तिचं तेच. "उद्या आजाऱ्यांना हात लावायचा हाय तुला," म्हणायची. साबण, डेटॉल, सगळं समजावून झालं. आई ऐकेल तर शपथ! एकदा वॉर्डात डोंगराकडच्या एका म्हातारीने घरी जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवला, तेव्हा मी तिथेच हमसून रडले. तिला वाटलं, तिच्या जाण्याचंच मला वाईट वाटतंय.

पुढे बोईसरच्या एका लहानशा दवाखान्यात नोकरी लागली. लग्न झालं, मुलं झाली. आईचे गुडघे गेले आणि बाजार सुटला. माझी लेक झाल्यावर सगळे लाड तिच्या वाट्याला गेले. मी आपली बघत राहायची.

एका सकाळी सातपाटीहून परस्पर ड्युटीवर निघाले होते. पांढरी साडी नेसून दारात चपला घालत होते, तर आईने हाक मारली.

"हिकडं ये गो. आता काय, माजे हात साफ हायत."

मी तिच्यापुढे गुडघे टेकून बसले. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, गालांवरून, कपाळावरून सावकाश बोटं फिरवली. मी डोळे मिटून खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला.

नुसता साबणाचा वास येत होता.